गांधीलमाशीचा नर: जननकोश काढायचा कसा, पाहायचा कसा, अन् त्यावरून जात ठरवायची कशी

आपल्या नागपुरात बंद कूलर म्हणजे गांधीलमाशीचा ठरलेला पत्ता. पाऊस लागला की कूलर गॅलरीत सरकवून ठेवतो, अन् मार्चमध्ये नवीन वुडवूल भरायला जाळी उघडली की आत कोपऱ्यात कागदाचं पोळं लटकलेलं असतं. मग घरात आरडाओरडा होतो, कोणीतरी काठीला जळता बोळा बांधून आणतो अन् पाच मिनिटांत सगळं संपतं. त्या पोळ्यावर बसलेल्यांमध्ये कधीकधी काही नर पण असतात, नराला नांगीच नसते, अन् ती माशी नेमकी कोणत्या जातीची हे ठरवायला त्या नराच्या पोटाच्या टोकात दडलेला तांदळाच्या कणीएवढा एक कोश, म्हणजे त्याच्या जननांगाची कडक डबी, जननकोश, फार कामी येतो, पण तो कोणी पाहातच नाही. एमएस्सी झूलॉजीच्या प्रोजेक्टवाल्या पोरापोरींना मी हे काम शिकवते, दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवते.

आधी काहून करायचं ते सांगते. गांधीलमाशी ओळखताना सगळे रंगावर जातात, पिवळा पट्टा, तांबडं डोकं, काळी पाठ वगैरे. माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये मी एका वऱ्हांड्यातल्या पोळ्यांवरून चौदा माश्या आणल्या होत्या, रंगावरून दोन ढीग केले, गडद एकीकडे अन् फिकट दुसरीकडे, दोन जातींची नावं लावली, तक्ता पण तयार. नंतर वही पाहिली तर दोन्ही ढिगांतल्या माश्या एकाच पोळ्यावरच्या होत्या, एकाच आईच्या लेकी म्हणा ना. रंग वयाने बदलतो, हवामानाने बदलतो, जुन्या सुकलेल्या नमुन्यात तर पिवळ्याचा तपकिरी होऊन जातो. जननकोशाचं तसं नाही, तो कडक क्युटिकलचा, म्हणजे कीटकाच्या अंगावरच्या कवचाचाच असतो, त्याचा आकार सुकल्यावर पण टिकतो, शंभर वर्षं टाचणीवर असलेल्या माशीतून पण तो काढून पाहता येतो.

कीटकांच्या जवळच्या जातींमध्ये नराचा हाच अवयव इतका वेगळा काहून होतो, यावर जुना वाद आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेऑं द्युफूर यांनी १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, म्हणजे नराची किल्ली आपल्याच जातीच्या मादीच्या कुलपात बसते, दुसऱ्या जातीच्या नाही. पुढे जीवशास्त्रज्ञ विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ मध्ये जोरात मांडलं की यामागे मादीची निवड जास्त आहे, ज्या नराची रचना मादीला जास्त पटते त्याची पिल्लं जास्त, म्हणून आकार भराभर बदलत जातात. आपल्यासारख्या ओळखणाऱ्यांना कामाची गोष्ट एवढीच की बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या जातींचे नर आतून वेगळे निघू शकतात. युरोपातल्या व्हेस्पुला व्हल्गॅरिस अन् व्हेस्पुला जर्मॅनिका या दोन पट्टेरी माश्यांचे नर याच कोशाच्या मधल्या भागाचं टोक पाहून वेगळे करतात.

आता आपल्या इकडे कागदी पोळं करणाऱ्या माश्या मुख्यतः दोन वंशांच्या (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट), पोलिस्टिस अन् रोपालिडिया. पोलिस्टिस हे नाव लात्रेय यांनी १८०२ मध्ये दिलं, रोपालिडिया हे गेराँ-मेनव्हिल यांनी १८३१ मध्ये. दोन्ही वेगळ्या करायला भिंग पण लागत नाही. पोलिस्टिसचं पोट चातीसारखं, दोन्हीकडे निमुळतं, पहिला खंड पुढून बारीक सुरू होऊन हळूहळू रुंदावत जातो. रोपालिडियाचा पहिला खंड देठासारखा बारीक, अन् लगेच दुसरा खंड एकदम घुमटासारखा फुगलेला, मागचे सगळे खंड त्या घुमटाच्या आत दुर्बिणीच्या नळ्यांसारखे ओढून घेतलेले असतात. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा, नर ओळखताना तीच फसवते. रोपालिडिया मार्जिनाटा ही तांबूस-गडद, पोटावर पिवळी खूण असलेली माशी भारतात सगळ्यात जास्त अभ्यासली गेली, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर यांनी तिच्यावर कित्येक दशकं काम केलं. जुन्या इंग्रजी ग्रंथात, म्हणजे बिंगहॅम यांच्या भारतातल्या माश्यांवरच्या १८९७ च्या पुस्तकात, रोपालिडिया शोधाल तर मिळणार नाही, तिथे त्या माश्या इकारिया या नावाखाली आहेत. कुंभारमाशी मात्र यात धरू नका, ती मातीचं घर करते, तिचा विषय वेगळा.

नर ओळखायचा कसा? सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे मिशा मोजणं. मादीच्या अँटेनाला १२ तुकडे, नराच्या १३. बुडाशी पहिला लांब दांडा, त्याला स्केप म्हणतात, मग अगदी मण्याएवढा छोटा पेडिसेल, अन् पुढे मादीला १० अन् नराला ११ तुकडे. निम्मे लोक तो छोटा मणी मोजायला विसरतात अन् नराला मादी करून टाकतात, म्हणून मोजताना टोकाकडून नको, बुडाकडून मोजा, अन् दोन्ही बाजूंच्या मिशा मोजा, कारण एखादी तुटलेली असते. दुसरी खूण पोटाचे खंड, वरून दिसणारे मादीला ६, नराला ७, पण रोपालिडियात मागचे खंड आत गेलेले असल्यामुळे ही मोजणी सुरुवातीला नका करू. तिसरी खूण चेहरा, बऱ्याच जातींत नराचं तोंड जास्त फिकट, पिवळसर अन् चपटं दिसतं, पोलिस्टिसच्या बऱ्याच नरांच्या मिशांचं टोक वळलेलं असतं. चौथी खूण नांगी नसणं, पण ती तपासायला हात पुढे करू नका, खात्री होईपर्यंत प्रत्येक माशी मादीच समजा. ज्याला आधी डंखाने अंगभर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, त्याने हे पकडापकडीचं काम करूच नये, पकडलेले नमुने दुसऱ्याकडून घ्यावेत.

नराला नांगी काहून नसते ते पण सांगून टाकते, कारण याचा आपल्या कोशाशी संबंध आहे. नांगी ही मुळात अंडी घालायची नळी, तिचंच रूप बदललं, म्हणून ती फक्त मादीकडे. अन् नर जन्मतो तो फलन न झालेल्या अंड्यातून, म्हणजे त्याला बाप नाही, पण आईचे वडील म्हणजे आजोबा आहेत. मी हे वर्गात सांगते तेव्हा दोन मिनिटं कोणी बोलत नाही, सगळे वहीवर वंशावळ काढून पाहातात.

नर मिळायला वेळ द्यावा लागतो. रोपालिडिया मार्जिनाटाचा नर बाहेर आल्यावर साधारण आठवडाभर आपल्या पोळ्यावर राहतो अन् मग निघून जातो तो परत येत नाही, त्यामुळे पोळ्यावर पाहाल तर बहुतेक वेळा माद्याच दिसतील. मला जास्त नर मिळाले ते पाऊस संपता संपता, सकाळी सात-साडेसातला, माश्या गारठलेल्या असतात तेव्हा, दूर उभं राहून कॅमेऱ्याच्या झूमने आधी मिशा पाहायच्या अन् मग नेमका तोच एक जाळीत घ्यायचा. अख्खं पोळं काढू नका, जाळू तर नकाच, ओळखायला तीन नर अन् दोन माद्या पुरतात. एकाच पोळ्यावरच्या नर-माद्या एकत्र मिळाल्या तर त्याहून चांगलं काही नाही, कारण बऱ्याच जातींचं वर्णन मादीवरून केलेलं असतं अन् नराला मादीशी जोडायला पोळं हाच सगळ्यात सरळ पुरावा. अन् परवानगीचं: स्वतःच्या घरचा वऱ्हांडा, ओळखीच्यांची काटोल-कळमेश्वरकडची संत्र्याची बाग हे सोयीचं, पण गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान इथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक माशी पण उचलायची नाही.

पकडलेला नर डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, रात्रभर, वास नाही अन् रसायन नाही. डीएनएसाठी पुढेमागे काही करायचं असेल तर आत्ताच एक पाय तोडून जास्तीत जास्त कडक अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, कारण पुढे आपण कोश ज्या क्षारात, म्हणजे केओएच नावाच्या अल्कलीत, टाकणार त्यात डीएनए राहात नाही. फ्रीजरमधून काढल्या काढल्या माशी अर्धा तास उबेला येऊ द्या, की अंग मऊ पडतं अन् काम सोपं होतं. जुनी सुकलेली माशी असेल तर आधी मऊ करावी लागते: श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, तळाशी ओला टिश्यू पेपर, त्यावर डेटॉलचे दोन थेंब बुरशीसाठी, माशी थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून आत ठेवा, पाणी तिला लागायला नको, झाकण घट्ट, २४ तास. मे महिन्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी असते की झाकण जरा ढिलं राहिलं तर टिश्यू सुकून जातो, अन् जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, दोन दिवस विसरलात तर माशीला पांढरी बुरशी आलीच समजा.

सामान फार नाही. १० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप, तो कॉलेजातच वापरा. दोन बारीक टोकाचे चिमटे. दोन सुया, मी मेडिकलमधून इन्सुलिनच्या सुया आणते, खराट्याच्या काडीला चिकटवते, एकीचं टोक चिमट्याने दाबून हुकासारखं वाकवते. कॅव्हिटी ब्लॉक, म्हणजे मध्ये खळगा असलेले काचेचे ठोकळे, दोन-तीन, ड्रॉपर, ग्लिसरीन, ७० टक्के अल्कोहोल, पांढरा व्हिनेगर, अन् पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ज्याला लॅबमध्ये सगळे केओएच म्हणतात. अन् काम करताना पंखा बंद, कूलर बंद! उन्हाळ्यात हे जड जातं म्हणून मी पहाटे सहाला बसते. माझा एक अख्खा कोश चिमट्यातून सुटला तो पंख्याच्या वाऱ्यात कुठे गेला ते आजपर्यंत कळलं नाही, अन् त्या पोळ्यावरचा तो एकच नर होता. तेव्हापासून मी कोश नेहमी पाण्याच्या थेंबातच सोडवते, कोरड्यात नाही.

आता काढायचं कसं. माशी पाठीवर किंवा कुशीवर ठेवा, डाव्या हाताच्या चिमट्याने पोट दोन्ही बाजूंनी हळूच दाबा, ताजी असेल तर शेवटची वरची पाटी अन् खालची पाटी उघडून मधून तांबूस चमकणारं टोक बाहेर येतं. वरच्या पाटीला टर्गम म्हणतात, खालच्या पाटीला स्टर्नम. हुकवाली सुई बाजूने, या दोन पाट्यांच्या मधून आत घाला, कोशाच्या कडेने फिरवून आजूबाजूची पातळ झिल्ली सोडवा, मग हूक कोशाच्या बुडाशी अडकवून सरळ मागे ओढा, वर नाही, बाजूला नाही, सरळ मागे. कोशासोबत खाली एक छोटी लपलेली पाटी पण येते, ती फेकू नका, तिचा आकार पण वर्णनात लागतो. हात बसेपर्यंत दुसरी रीत बरी, शेवटचे तीन खंड कापून अख्खेच क्षारात टाकायचे अन् मऊ झाल्यावर सोडवायचे, मोडायचा धोका कमी, फक्त खंड परत माशीला जोडता येत नाहीत म्हणून ते पण जपून ठेवायचे.

काढताना पोटाच्या पाट्यांच्या फटीतून तपकिरी बटणासारखं काही डोकावताना दिसलं तर थांबा. तो बहुतेक झेनॉस नावाचा परजीवी, स्ट्रेप्सिप्टेरा गटातला, माशीच्या पोटात राहून तो तिला पोखरतो. अशा माशीचा आकार अन् रंग नेहमीसारखा धरता येत नाही, ती ओळखीसाठी वापरू नका, पण टाकू पण नका, वेगळ्या कुपीत ठेवा, त्याच्यावर काम करणारे लोक आहेत.

केओएचचं काम सगळ्यात जपून. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम, अन् पाण्यात गोळ्या टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, मिश्रण तापतं. चष्मा लावा, हातमोजे घाला, कातडीवर उडालं तर नळाखाली भरपूर पाण्याने धुवा, व्हिनेगर लावत बसू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा अन् पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका. कोश यात टाकला की आतलं मांस विरघळून जातं अन् कडक सांगाडा उरतो, साध्या तापमानाला रात्रभर लागते, किंवा छोटी कुपी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली तर दहा-पंधरा मिनिटं. कुपी थेट आगीवर धरायची नाही, ती उसळते. आपल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असते, तिथे पुस्तकातला रात्रभर हा शब्द चालत नाही, मी दर तासाला पाहाते. जास्त झालं तर कोश काचेसारखा पारदर्शक होतो, सांधे दिसेनासे होतात, बारीक केस गळून जातात, अन् ते परत आणता येत नाही. मधासारखा रंग राहिला पाहिजे. मग पाण्यात पाच मिनिटं, मग पाण्यात व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकून पाच मिनिटं, परत पाणी, मग ७० टक्के अल्कोहोल, म्हणजे आतले हवेचे बुडबुडे निघून जातात, अन् शेवटी ग्लिसरीन.

आता पाहायचं काय. दोन हातांची ओंजळ डोळ्यांपुढे आणा, बोटं मागच्या बाजूला, मनगटं पुढे. मनगटांभोवती जी पाटलीसारखी कडी आहे ती क्युप्युला, कोशाचं बूड, त्यातल्या छिद्रातून नळ्या आत येतात. दोन तळवे म्हणजे पॅरामिअर, डावा अन् उजवा, सगळ्यात मोठे भाग, अन् गांधीलमाश्यांच्या कुळात या पॅरामिअरच्या टोकाला एक काटा असतो, पॅरामिअरल स्पाइन, तो किती लांब, सरळ की वाकडा, त्यावर केस किती, हे सगळं टिपायचं. ओंजळीच्या आत खालच्या बाजूला, दोन्हीकडे एक एक छोटी पकड असते, तिचं नाव व्होल्सेला, तिचे दोन जबडे, आतला डिजिटस अन् बाहेरचा कस्पिस. डिजिटसचं टोक टोकदार की बोथट, त्याच्या बुडाकडचा गोळा किती फुगलेला, कस्पिसवर राठ केस किती दाट, हे पाहा. अन् मधोमध इडीगस, दोन पट्ट्या वरून जुळून झालेला लांबट भाग, खरं काम याचंच. इडीगसची मधली रुंदी, टोकाचा आकार, अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या कडेवरचे करवतीसारखे बारीक दात, ते कुठून सुरू होतात, कुठवर जातात, एका रांगेत आहेत का, हे ४० पटीवर, प्रकाश बाजूने टाकून पाहावं लागतं. वरून प्रकाश टाकला तर दात दिसतच नाहीत, कड गुळगुळीत वाटते. पहिल्यांदा बाजूने दिवा फिरवला अन् ती दातांची रांग एकदम उमटली तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं.

नावांचा घोळ आधीच सांगते. एका लेखकाचा पॅरामिअर दुसऱ्याचा गोनोफोर्सेप्स असतो, तिसऱ्याचा आणखी काही, अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ स्नॉडग्रास यांनी १९४१ मध्ये हायमेनोप्टेराच्या, म्हणजे गांधीलमाश्या, मधमाश्या अन् मुंग्यांच्या गटाच्या, नरांवर मोठं काम छापलं तरी नावं एकसारखी झाली नाहीत. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर लिहा की तुम्ही कोणाची नावं वापरून राहिले. खंडांच्या आकड्यांचं पण तेच. या माश्यांमध्ये उदराचा पहिला खंड छातीला जाऊन चिकटलेला असतो, कंबर त्याच्या मागे, म्हणून कंबरेमागचा सातवा खंड हा खरा आठवा. कोशाखालची ती लपलेली पाटी कोणी आठवी म्हणतो तर कोणी नववी, दोघे एकाच पाटीबद्दल बोलून राहिलेले असतात.

कोश ग्लिसरीनमध्ये सरळ राहात नाही, सारखा कुशीवर पडतो, यावर घरगुती उपाय आहे. कॅव्हिटी ब्लॉकच्या तळाशी हँड सॅनिटायझरच्या पारदर्शक जेलचा एक थेंब टाका, कोश त्यात हवा तसा रोवा, वरून अल्कोहोल सोडा, तो हलत नाही अन् जेल दिसत पण नाही. कोरोनापासून प्रत्येकाच्या घरी अर्धी बाटली पडलेली आहेच. काम झाल्यावर धुवून परत ग्लिसरीनमध्ये. तीन बाजूंनी पाहायचं, वरून, खालून अन् कुशीवरून. व्होल्सेला खालून चांगली दिसते, इडीगसचे दात कुशीवरून. मोबाइल आयपीसला लावून फोटो काढता येतो, फोकस जरा जरा हलवत आठ-दहा फोटो घ्या अन् नंतर सॉफ्टवेअरने जोडा, पण त्याच झूमवर मोजपट्टीचा एक फोटो घ्यायला विसरू नका, नाहीतर मापं काढता येणार नाहीत. अन् पेन्सिलने चित्र काढाच. फोटो असताना चित्र कशाला असं पोरं दरवेळी विचारतात, पण चित्र काढताना प्रत्येक कडेवर डोळा थांबतो, ही रेष कुठून कुठे गेली हे ठरवावं लागतं, फोटोत ते न ठरवता पुढे जाता येतं.

तीन नर असतील तर एकाचा कोश अख्खा ठेवा, दुसऱ्याचा सोडवा: व्होल्सेला अन् इडीगसच्या मध्ये सुई सरकवून इडीगस मागे ओढला की निघतो, मग एक पॅरामिअर वेगळा करून आतली बाजू पाहा. एकच नर असेल तर मोडतोड नको. मापं घ्या, पॅरामिअरची लांबी त्याच्या रुंदीच्या किती पट, इडीगसची लांबी, काट्याची लांबी. नुसती मिलिमीटरमधली मापं फसवतात, कारण मोठ्या नराचं सगळंच मोठं, म्हणून प्रमाण काढा.

आता सगळ्यात अवघड भाग, निर्णय. जननकोश पाहिला म्हणजे जात ठरली असं नाही. पोलिस्टिसमध्ये अगदी जवळच्या जातींचे कोश खूप सारखे असतात, एखाद्या काट्याचा किंचित फरक हा त्याच जातीतल्या दोन भावांमध्ये पण असू शकतो. म्हणूनच मी तीन नर म्हणते, एकावरून फरक ठरवू नका. युरोपातली पोलिस्टिस गॅलिकसच्या गटातली पोलिस्टिस हेल्वेटिकस ही जात वेगळी म्हणून २०१४ मध्ये पुढे आली, तिथे शरीराची बारीक मापं अन् डीएनए दोन्ही लागलं. एवढ्या पाहिलेल्या, एवढ्या अभ्यासलेल्या भागात असं झालं. तेव्हा आपल्या विदर्भातल्या माशीवर एका रविवारच्या कामात नवीन जातीचा शिक्का मारायचा नाही. क्रम असा धरा: आधी बाहेरच्या खुणांनी वंश, मग मादीच्या खुणांनी जातीचा अंदाज, मग नराचा कोश काढून तो त्या जातीच्या छापील चित्राशी ताडून पाहायचा, अन् जुळलं नाही तर आधी आपलं काम तपासायचं, कोश वाकडा पडला होता का, जास्त शिजला का, चित्र कोणत्या बाजूचं आहे. त्यानंतर पण जुळत नसेल तर नावाच्या मध्ये सीएफ लिहायचं, म्हणजे या जातीसारखी वाटते पण ठरलं नाही, अन् नमुने झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातल्या किंवा विद्यापीठातल्या या विषयाच्या माणसाला दाखवायचे. सीएफ लिहिण्यात कमीपणा नाही, चुकीचं नाव एकदा छापलं गेलं की पुढचे दहा लोक तेच उचलतात.

ठेवायचं कसं यावर मी सगळ्यात कडक आहे. कोश अन् माशी यांची ताटातूट झाली की दोन्ही वाया. कोश ठेवायची छोटी जेनिटॅलिया कुपी मिळाली तर उत्तम, नाहीतर डीएनएच्या लॅबमध्ये वापरतात ती ०.२ मिलीची झाकणाची प्लास्टिक पीसीआर ट्यूब, त्यात ग्लिसरीनचा एक थेंब, कोश, झाकण बंद, अन् झाकणाच्या बाहेरच्या पट्टीतून टाचणी घालून ती माशीच्याच टाचणीवर खाली सरकवायची. ट्यूब काठोकाठ भरू नका, उन्हाळ्यात बाहेर येतं. कुपीवर अन् माशीवर एकच नंबर. चिठ्ठीवर भारत, महाराष्ट्र, नागपूर, मग नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी पकडली, कशावर पकडली. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत आहे, म्हणजे दिवस अन् महिना यांची उलटापालट होत नाही. बॉलपेन नाही, अल्कोहोल लागलं की पसरतं, पेन्सिल किंवा न पसरणारी शाई. पोळ्याचा नंबर वेगळा लिहा, माझी ती चौदा माश्यांची चूक सापडली ती फक्त वहीत पोळ्याचा नंबर होता म्हणून.

अन् एका वेळी एकच नर टेबलावर घ्या. दुसरा डबीत, डबी बंद, चिठ्ठी आत. पहिल्याची ट्यूब त्याच्या टाचणीवर गेली, नंबर वहीत चढला, कॅव्हिटी ब्लॉक धुवून पालथा झाला, मगच दुसऱ्याची डबी उघडायची.